टेबल न हलवल्याबद्दल

माझ्या मावससासूबाईंइतकं स्थिर माणूस सगळ्या बेळगाव जिल्ह्यात दुसरं नाही, आणि असलंच तर ते पुतळा होऊन कुठल्यातरी चौकात उभं असणार. काठोकाठ भरलेला चहाचा कप घेऊन त्या स्वयंपाकघरातून बाहेरच्या सोप्यात येतात, मधला उंबरा ओलांडतात, वाटेत आडव्या आलेल्या मांजरावर खेकसतात, आणि कप तुमच्या हातात पडतो तेव्हा बशी कोरडी ठणठणीत असते. वय बहात्तर, अंगानं काडी. पण फोटोला उभ्या राहिल्या की फोटोग्राफर दोनदा विचारतो, "आज्जी, श्वास चाललाय न्हवं?" मतांचंही तसंच. नगरपालिकेची माणसं एकदा विजेचा खांब त्यांच्या दारापुढं रोवायला आली, तेव्हा या नेमक्या त्या जागी खुर्ची टाकून बसल्या. भांडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. सकाळी बसल्या त्या दुपार कलेपर्यंत तांदूळ निवडत राहिल्या. खांब शेवटी समोरच्या बाजूला गेला. अशा बाईवर आयुष्यात एकच आळ आला, आणि तोही कसला, तर टेबल हलवल्याचा!

मी मूळचा कडोलीचा, बेळगावात एका हायस्कुलात मराठी शिकवतो. आमच्या गावात दरवर्षी साहित्य संमेलनाचा मांडव पडतो, त्यामुळे आमच्याकडे विज्ञानापेक्षा विशेषणंच जास्त पिकतात. लग्नानंतर बायकोच्या या मावशीकडे निपाणीला पहिल्यांदा जेवायला गेलो, तेव्हा ही बाई आपल्याला पुढं काय काय बघायला लावणार आहे याची मला काडीची कल्पना नव्हती. जेवणाआधी त्यांनी सरबत आणलं. उंच ग्लासात तळाशी साखरेचा पाक, त्यावर लिंबाचं पाणी, सगळ्यात वर लालभडक कोकम. तीन पट्टे असे स्वच्छ वेगळे, की कुणी पट्टी धरून आखले असावेत. उन्हातून आलो होतो, घशाला कोरड पडली होती. मी चमचा उचलला.

"चमचा खाली ठेवा," मावशी म्हणाल्या.

मी ठेवला. नवा जावई होतो.

"आधी बघा."

"काय बघू?"

"काय हुतंय ते."

पाव तास झाला. काही झालं नाही. बायकोनं टेबलाखालून माझा पाय दाबून ठेवला होता. शेवटी मावशी समाधानानं म्हणाल्या, "बघितलासा? काय झालं न्हाय. वर हलकं, खाली जड, आणि एकमेकाशी ह्यांचं काय देणंघेणं न्हाय. म्हणून बसून ऱ्हायलंय. आता प्या." कोमट झालेलं ते सरबत मी घटाघटा प्यायलो. दार ओलांडताना त्या म्हणाल्या, "पुढच्या येळी एकमेकाला भिडणारं दाखवते." तेव्हापासून खूश असल्या की त्या मला मास्तर म्हणतात आणि रागावल्या की जावईबापू, आणि या दोन हाकांच्या मधे माझी नऊएक वर्षं गेली आहेत.

मावशी निपाणीतल्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत अटेंडर होत्या. बाटल्या धुणं, द्रावणं तयार करणं, पोरांनी फोडलेल्या नळ्यांचे तुकडे वेचणं, हे त्यांचं काम. पण प्रयोगशाळा माणसाच्या अंगात किती मुरावी याला काही सुमार असतो. त्यांच्या घरात भांडं तीनदा साध्या पाण्यानं आणि चौथ्यांदा उकळून गार केलेल्या पाण्यानं विसळलं जातं. 'साधारण' हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारायची सोय नाही. "साधारण दहा वाजता येतो," असं मी एकदा फोनवर म्हणालो, तर तिकडून विचारणा झाली, "दहाच्या अलीकडं का पलीकडं?" आम्ही बेळगावात फ्लॅट घेतला तेव्हा त्या वास्तुशांतीला आल्या, आणि पूजा आटोपताच वाटीत पाणी घेऊन त्यावर चिमूटभर राख भुरभुरवून फरशीवर उकिडव्या बसल्या. पाहुणे जेवायचे थांबले. बऱ्याच वेळानं मान वर करून त्यांनी निकाल दिला, "ट्रक गेला की बिल्डिंग हलतीया." बिल्डर तिथंच जिलेबी खात होता. त्याचा घास तोंडात तसाच राहिला. "राहायला बरी हाय," मावशींनी त्याला धीर दिला, "प्रयोगाला उपयोगाची न्हाय."

त्यांचं खरेपण तर त्याहून अवघड. प्रयोगाचं सामान घ्यायला त्या बेळगावला यायच्या आणि लाल बसनं परत जायच्या. एकदा मी सोबत होतो. पुढच्या सीटवर त्या मांडीवर बाटली धरून अशा बसलेल्या, की आख्खी बस यमकनमर्डीच्या वळणावर डावीकडे कलली तरी बाटली सरळच. कंडक्टरनं कन्नडमध्ये विचारलं, "अज्जी, अदु एनु?" ते काय आहे म्हणून. "नीरु," मावशी म्हणाल्या. पाणी. त्याचं समाधान झालं, तो पुढं गेला. पण यांचं समाधान होईना. चार पावलं तो गेल्यावर त्यांनी त्याला परत बोलावून घेतलं आणि खुलासा केला, "नीरुच हाय. पण त्यात थोडं ॲसिड हाय." पाठीमागच्या दोन सीटा बघता बघता रिकाम्या झाल्या. निपाणीपर्यंत आम्ही ऐसपैस आलो.

आता तो आळ. मी तिथं नव्हतो, पण शंभरदा ऐकल्यामुळे सगळं माझ्याच डोळ्यांदेखत घडल्यासारखं वाटतं. मावशींच्या निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. कॉलेजला भेट द्यायला बाहेरून एक समिती येणार होती आणि विभागप्रमुख सरांनी ठरवलं, की प्रयोगशाळेच्या दारात काहीतरी देखणं ठेवायचं. उंच काचेच्या बरणीत खाली अल्कलीचं द्रावण, ते जड. त्यावर अलगद सोडलेलं ॲसिडचं द्रावण, ते हलकं. आणि ॲसिडात एक रंग, जो ॲसिडात पिवळा असतो आणि अल्कली भेटली की निळा होतो. म्हणजे वर पिवळं, खाली पाण्यासारखं नितळ आणि मधोमध निळी रेघ. वर हलकं, खाली जड, तेव्हा रेघ तासभर तरी हलायची नाही, असा सरांचा हिशोब. थर लावायचं काम अर्थातच मावशींचं, कारण तसा हात कॉलेजात दुसऱ्या कुणाचा नव्हता. त्यांनी बरणीच्या कडेनं थेंबथेंब ॲसिड सोडलं, रेघ आखल्यासारखी आली, आणि त्या जाऊन दाराजवळ उभ्या राहिल्या.

समिती आली. सर बरणीपाशी उभं राहून समजावून सांगू लागले, की हे थर कसे शांत राहतात. आणि त्यांच्या बोलण्याला साक्ष द्यायची सोडून ती रेघ जिवंत झाली. तिच्यातून वर बारीक बारीक बोटं फुटली, चुलीच्या धुरासारखी वळत वर चढायला लागली. खालच्या बाजूला झाडाच्या मुळ्यांसारखे निळे धागे उतरले. समितीतल्या एक बाई म्हणाल्या, "अय्या, किती छान! हे का होतं?" सरांनी बरणीकडे बघितलं, टेबलाकडे बघितलं. मग दाराकडे बोट करून म्हणाले, "आमच्या अटेंडरनं टेबल हलवलं."

"मी हात लावला न्हाय," मावशी तिथल्या तिथं, समितीसमोर म्हणाल्या.

प्रकरण टेबलापाशी मिटलं असतं, पण या उत्तरामुळे ते फायलीत गेलं. दुसऱ्या दिवशी कन्नडमधून मेमो आला: कामात निष्काळजीपणा, वरिष्ठांशी उद्धट वर्तन. सोबत इंग्रजीतून माफीचा मजकूर टाइप करून आला, खाली सहीपुरती जागा सोडलेली. मावशींनी मेमो वाचला, माफी वाचली, आणि कागद परत नेऊन ठेवला. क्लार्कनं कन्नडमध्ये विचारलं, "सही इल्ला?" "इल्ला," मावशी म्हणाल्या. सुपरिंटेंडेंटनं इंग्रजीत विचारलं. "नो." शेवटी खुद्द सरांनी मराठीत बोलावून घेतलं, "अहो, एका सहीचा प्रश्न आहे. कशाला वाढवताय?"

"टेबल हललं न्हाय, सर. म्हणून सही न्हाय."

"मग ते मिसळलं कसं?"

"ते मला ठाव न्हाय. तुमी सांगायचं. तुमी सर हाईसा."

मेमो फायलीत राहिला. मावशींची बदली फुटक्या सामानाच्या खोलीत झाली. तीन वर्षं त्यांनी चिरा गेलेल्या बरण्या आणि गंजलेले स्टँड सांभाळले. निवृत्तीच्या वेळी शाल-श्रीफळाचा निरोप आला, तो असा, की माफीपत्र दिलं तर समारंभ करता येईल. मावशींनी उलट निरोप पाठवला, "बरणी मांडा, प्रयोग परत करा, मग शाल घेते." समारंभ झाला नाही. त्या चालत घरी आल्या. आणि त्या दिवाळीला सरांच्या बेळगावच्या पत्त्यावर पहिलं कार्ड गेलं: 'दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा. टेबल हलवलं नव्हतं.'

दर दिवाळीला कार्ड गेलं. मजकूर तोच, फक्त पणतीचं चित्र बदलायचं. सर निवृत्त झाले तरी जात राहिलं. कधी उत्तर आलं नाही. मग मावशींच्या हातात स्मार्टफोन आला आणि दिवाळीची वाट बघायची गरज उरली नाही. सरांचा नंबर त्यांनी कुठून मिळवला ते मला आजही माहीत नाही. गुलाबाचं फूल, वर दवबिंदू, खाली 'सुप्रभात', आणि त्याच्याखाली स्वतः टाइप केलेलं, 'टेबल हलवलं नव्हतं.' निळ्या खुणा यायच्या. "वाचतोय," मावशी म्हणायच्या, "म्हंजे जित्ता हाय."

पण नुसते निरोप पाठवून बसणारी ही बाई नव्हे. पेन्शन सुरू झाल्यापासून त्या घरी प्रयोग करत होत्या. खिडकीच्या काचेचे दोन सारखे तुकडे कापून आणून, मधे पातळ रबराची पट्टी घालून, तीन बाजू गमानं बंद करून त्यांनी एक उभी, चपटी, दोन काचांमधली टाकीच बनवली होती. बरणीत बोटं एकमेकांच्या आड लपतात, इथं सगळी समोर दिसतात. मी दर महिन्या-दोन महिन्यांनी जायचो आणि माझं काम एकच असायचं: बसणं आणि बघणं. "तुमी मराठीचे मास्तर," त्या म्हणायच्या, "तुमाला ह्यातलं काय कळत न्हाय. म्हणून साक्षीदार तुमीच बरं." एक टाकी माझ्याच मांडीवर गळली. द्रावण अगदी पातळ होतं, पण पँट धुऊन वाळली तेव्हा तिला तीन भोकं पडलेली निघाली. बायको ती पँट टाकून द्यायला निघाली तर मावशी म्हणाल्या, "असू दे, पुरावा हाय." कशाचा, ते मी विचारलं नाही.

टेबल हललं नाही हे सिद्ध कसं करायचं, हाच खरा पेच होता. मावशी आधी न हलणारी जागा शोधत हिंडल्या. निपाणी पुणे-बेंगळूर हायवेला चिकटलेली, तिथं ट्रकांमुळे राखेची वाटी सारखी थरथरायची. गुंजीला त्यांच्या भावाच्या घरी गेल्या, तर रेल्वे आली. कडोलीला आमच्या मळ्यातल्या दगडी कट्ट्यावर टाकी मांडली, तर म्हैस अंग घासायला आली. मी म्हणालो, "मावशी, न हलणारी जागा या पृथ्वीवर नाही." त्या टाकीकडे बघत बसल्या. मग एकदम म्हणाल्या, "मग हलणाऱ्याच जागंवर करू की."

आणि त्यांनी जे केलं ते माझ्यासारख्या विशेषणवाल्यालाही कळलं. एकाच टेबलावर शेजारी शेजारी दोन सारख्या टाक्या. पहिलीत अल्कलीवर तोच पिवळ्याचा निळा होणारा रंग घातलेलं ॲसिड. दुसरीत मिठाच्या पाण्यावर खायचा रंग घातलेलं साधं पाणी. दोन्हीकडे खालचं जड, वरचं हलकं. फरक एवढाच, की दुसरीतली दोघं एकमेकांना काही करत नाहीत. टेबलानंच गोंधळ घातला असता तर दोन्ही टाक्या सारख्याच बिघडायला हव्या होत्या. बघता बघता पहिलीत बोटं फुटली. दुसरीतली रेघ मख्ख बसून राहिली. बाहेरून उसाचा ट्रॅक्टर धडधडत गेला, खिडक्या वाजल्या, तरी ती मख्खच. मावशींनी टेबलावर थाप मारली. रेघ किंचित डुलली आणि परत सरळ झाली. "आता हलवलं बघा मी," मावशी म्हणाल्या, "आयुष्यात पयल्यांदा."

"पण मग पहिलीत होतं काय?" मी विचारलं.

"ॲसिड चपळ हाय, मास्तर. झरकन खाली उतरतंय आणि अल्कलीला मिळतंय. अल्कली सावकाश वर येती. म्हंजे रेघेच्या जरा वर ॲसिड कमी पडलं, तेवढं पाणी हलकं झालं. त्यात दोघं मिळाली की ऊब सुटती, ती आणि हलकं करती. वर जड आणि त्याच्याखाली हलकं, असं झाल्यावर खालचं वर उठणारच. कुणी बाहेरून हलवायला कशाला पायजे? त्यांचं त्यांनीच हलवलं."

हे त्यांनी कुठं वाचलं होतं असं नाही. बारा वर्षं बघून बघून काढलेलं होतं.

मी मोबाइलवर दोन्ही टाक्यांचा व्हिडिओ काढला. मावशींनी तो सरांना पाठवला, या वेळी गुलाबाशिवाय. निळ्या खुणा आल्या. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी मावशींचा फोन आला, आवाज इतका चढलेला की मला वाटलं कुणीतरी गेलं. "मास्तर! सरांचं उत्तर आलं!"

"काय म्हणतात?"

"म्हंत्यात, दुसऱ्या टाकीत खायचा रंग हाय, पहिलीतला तो रंग पालटणारा इंडिकेटर न्हाय. बोटं इंडिकेटरमुळं आली असतील."

"म्हणजे अजून मान्य नाहीच," मी वैतागून म्हणालो.

"अवो, शंका काढली त्यांनी! शंका!" त्या जवळजवळ ओरडल्या. "इतकी वर्षं मला मेमो दिलता. आज शंका दिली." मग आवाज खाली आणून, "शंका बरोबर हाय पण. माझ्या ध्यानात आली न्हवती."

झालं. आता रंगाशिवाय करायचं. पण रंग नसेल तर पाण्यातलं पाणी दिसणार कसं? दोन महिने मावशी या प्रश्नावर खुर्ची टाकून बसल्या. उत्तर त्यांना गॅसवर ठेवलेल्या तव्यानं दिलं. सकाळचं ऊन स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत येतं, तेव्हा तापलेल्या तव्यावरची हवा समोरच्या चुना दिलेल्या भिंतीवर सावलीसारखी लहरताना दिसते. हलकं आणि जड एका जागी आलं, की उजेड वाकतो. मावशींनी गॅस बंद केला, भाकरी अर्धी सोडली, आणि टाकी नेऊन उन्हाच्या त्या पट्ट्यात उभी केली. त्या दिवशी मी गेलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते आणि त्या जेवल्या नव्हत्या. "या," त्या म्हणाल्या, "सरांना कळवलंय, येणार हाईत रविवारी. नऊ ते पावणेदहा ऊन असतंय. त्यांनी अलीकडं यायला पायजे."

सर आठ पन्नासला आले, काठी टेकत, बेळगावाहून रिक्षा-बस-रिक्षा करत. मी त्यांना पहिल्यांदाच बघत होतो. इतकी वर्षं मी ज्या माणसाचा राग करत आलो, तो सत्तरी ओलांडलेला, कानात यंत्र घातलेला, स्वेटरचं एक बटण चुकलेला म्हातारा निघाला. मी चहाचं विचारलं. मावशी म्हणाल्या, "चहा मागनं. आता कप ठेवला तर टेबल हललं म्हणशीला." सर कसनुसं हसले.

त्यांनी खुर्चीत बसायच्या आधी टेबलावर तळवा ठेवला आणि तसाच दाबून धरला. मावशींनी त्यांच्यापुढं ॲसिड भरलेली, सुई नसलेली पिचकारी ठेवली. "तुमच्या हातानं करा."

"माझा हात आता तसा राहिला नाही, बाई."

"सावकाश करा. घाई न्हाय."

सरांनी थर लावला. बराच वेळ लागला. मावशींनी एकदाही हात पुढं केला नाही. फक्त त्यांचे ओठ थेंबाथेंबाला हलत होते. थर बसला. काचेत काहीच दिसत नव्हतं, पाणी आणि पाणी. भिंतीवर मात्र एक बारीक आडवी सावली पडली होती. आम्ही तिघं भिंतीकडे तोंड करून बसलो. आणि मग त्या सावलीवर उजेडाचे बारीक कोंब आले. उंच झाले, एकमेकांकडे झुकले, दोघांचा एक झाला, आणि ते हळूहळू भिंतीवर चढू लागले. मला त्यातलं काही कळत नाही, पण मी खुर्चीच्या टोकाशी येऊन बसलो होतो.

सर उठून भिंतीजवळ गेले. चष्मा वर करून बघितलं. "वरच जातायत," ते म्हणाले. "खाली एकही नाही."

"व्हय. मी पण तेच बघितलं. म्हंजे वरची बोटं दोघांच्या मिळण्यानं. खालची तुमच्या रंगानं." मावशी म्हणाल्या. "अर्धं तुमचं खरं निघालं, सर. ते मी मान्य करते."

"पण रंग घाला असं मीच सांगितलं होतं," सर म्हणाले.

"तुमीच सांगिटलतं."

सर परत येऊन बसले. ऊन भिंतीवरून सरकायला लागलं होतं. ते माझ्याकडे नव्हे, मावशींकडेही नव्हे, टाकीकडे बघून बोलले. "टेबल हललं नव्हतं, हे मला त्याच दिवशी दिसलं होतं. पण मग ते का मिसळलं, हे मला सांगता येत नव्हतं. समिती बघत होती. 'मला माहीत नाही' एवढंच म्हणायचं होतं. तेवढं जमलं नाही."

मला वाटलं, आता मावशी काहीतरी बोलतील. पंधरा वर्षं साठलेलं काहीतरी. त्या उठल्या आणि कागद-पेन घेऊन आल्या. सरांनी लिहिलं, की अमुक कॉलेजात अमुक प्रसंगी टेबल हलवलेलं नव्हतं, द्रावणं आपापल्या गुणधर्मानं मिसळली, आणि मेमो चुकीचा होता. मावशींनी वाचलं. "तारीख घाला. खाली हुद्दा लिवा." सरांनी 'निवृत्त विभागप्रमुख' असं लिहिलं. मग मावशींनी चहा आणला. बशी कोरडी होती.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि आम्ही कॉलेजात गेलो. तिथला क्लार्क नवा, भला माणूस. त्यानं कपाटं उघडली, गठ्ठे सोडले, आणि घाम पुसत सांगितलं, "आक्का, तुमची फाईलच न्हाय. जुन्या फायली वाळवीनं खाल्ल्या, उरलेल्या रद्दीत गेल्या. म्हंजे मेमो पण न्हाय बघा आता. सुटलासा तुमी!"

मी मावशींकडे बघितलं. ज्या कागदाशी त्या इतकी वर्षं झगडल्या, तो कधीच वाळवीच्या पोटात गेला होता. दुसरं कुणी असतं तर तिथंच मट्कन बसलं असतं. मावशीही बसल्या, पण त्यांच्या पद्धतीनं. क्लार्कच्या समोरची खुर्ची ओढली आणि बसल्या. "सुटायला कोण आलंय? नवी फाईल उघडा."

"रिटायर माणसाची फाईल कशी उघडणार आक्का?"

"माणूस समोर हाय, मग फाईल का नसंल?"

"नियमात बसत न्हाय वो."

"मी बसलेय न्हवं?"

क्लार्कला खांबाची गोष्ट माहीत नव्हती. मला होती, म्हणून मी बाहेर जाऊन चहा पिऊन आलो. परत आलो तेव्हा टेबलावर कोरी करकरीत फाईल होती, कागदावर आवक शिक्का पडला होता, आणि क्लार्क पेन धरून विचारत होता, "विषय काय लिवू?"

"लिवा," मावशी म्हणाल्या, "टेबल न हलवल्याबद्दल."

त्यानं तसंच लिहिलं. कन्नडमध्ये एकदा आणि मराठीत एकदा.

बाहेर पडल्यावर मावशींनी स्टँडजवळच्या दुकानात त्या कागदाच्या दोन झेरॉक्स काढल्या. एक घडी घालून पिशवीत ठेवली. दुसरी हातातच धरून राहिल्या. माझ्या बसला अवकाश होता. झाडाच्या सावलीत आम्ही उभे होतो आणि मला वाटत होतं, की आज या बाईनं हसावं, पेढे वाटावेत, निदान मला मास्तर म्हणून हाक तरी मारावी.

"दुसरी कशाला काढली?" मी विचारलं.

"आईला," त्या म्हणाल्या.

त्यांची आई जाऊन दहा वर्षं झाली होती, माझ्या लग्नाच्याही आधी. जन्मभर विड्या वळलेली बाई, एवढंच मला ठाऊक होतं.

"मेमो आला तवा ती म्हणाली, सही करून टाक, कशाला मोठ्या माणसांच्या नादाला लागतीस. मी केली न्हाय. मग कधी मधी, काम करता करता, मान वर न करता विचारायची, 'बाई, खरंच न्हवतं न्हवं गं हलवलं?' मी म्हणायची, न्हाय आई. ती म्हणायची, बरं." मावशी रस्त्याकडे बघत होत्या. "अंथरुणाला खिळली तरी एकदा विचारलं तिनं. मी सांगिटलं. बरं म्हणाली. पण ती बरं कसं म्हणायची, ते मला म्हाईत हाय."

मावशींनी हातातला कागद उघडला, चष्मा लावला, आणि शाळेत धडा वाचावा तसा मोठ्यानं, प्रत्येक शब्द वेगळा करत, तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. सही वाचली, हुद्दा वाचला, तारीखही वाचली. स्टँडवरची दोन-चार माणसं वळून बघायला लागली. वाचून झाल्यावर क्षणभर त्या तशाच उभ्या राहिल्या, कुणीतरी उत्तर देईल म्हणून थांबावं तशा.

मग कागदाची घडी घालत म्हणाल्या, "जावा तुमी. बस आली."